बीएस्सी करतानाच संशोधनाचं काम हवं आहे, सुरुवात कुठून करू?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रॅक्टिकलला आम्ही जे प्रयोग करतो त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ग्रॅम स्टेनिंगमध्ये कुठला जिवाणू जांभळा दिसणार आणि कुठला गुलाबी, हे स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. हात बसण्यासाठी ते लागतंच, मान्य. पण एकदा तरी असं काम करून बघायचं आहे ज्याचं उत्तर शिकवणाऱ्यालाही माहीत नाही. पुढे पीएच.डी. करावी की नाही हे त्याशिवाय कसं कळणार?

विद्यापीठांच्या वेबसाइट पाहून बऱ्याच प्राध्यापकांना ईमेल केले. बहुतेकांचं उत्तर आलं नाही, आलं ते "सध्या जागा नाही" एवढंच. दुसरं वर्ष म्हणजे फार लवकर होतंय का? माझे मार्क चांगले आहेत, पण वर्गात पहिली वगैरे नाही, त्यानं अडतं का? अनुभव नाही म्हणून लॅबमध्ये घेत नाहीत आणि लॅबमध्ये घेतल्याशिवाय अनुभव येत नाही, यातून वाट कशी काढायची? ज्यांनी हे केलंय किंवा जे विद्यार्थी घेतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोगरा_०७

मीही याच शोधात आहे. फिजिक्स, पहिलं वर्ष. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

निरीक्षक

मी जैवरसायनशास्त्राची लॅब चालवतो, तेव्हा विद्यार्थी घेणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो.

उत्तर आलं नाही म्हणजे तुमच्याबद्दल कुणी काही वाईट मत केलं असं समजू नका. असे ईमेल सतत येतात. ज्यात माझ्या कामाबद्दल एकही नेमकं वाक्य नाही, तो ईमेल आणखी शंभर जणांना गेलाय हे लगेच कळतं, आणि त्याला उत्तर द्यायचं राहून जातं.

विद्यार्थी घ्यायचा म्हणजे लॅबला काय खर्ची घालावं लागतं, ते आधी समजून घ्या. पैसा हा त्यातला लहान भाग. नव्या मुलाला सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं, कुठलं रसायन कुठल्या कपाटात आणि कुठला कचरा कुठल्या डब्यात ते दाखवायचं, पिपेट धरायला शिकवायचं. १०० मायक्रोलिटर म्हणजे दर वेळी १००च आले पाहिजेत, इथवर हात यायला वेळ लागतो. हे सगळं करतं कोण? माझी एखादी पीएच.डी.ची विद्यार्थिनी किंवा पोस्टडॉक (पीएच.डी. झाल्यावर लॅबमध्ये संशोधन करणारी व्यक्ती), स्वतःचं काम बाजूला ठेवून. म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे नवा विद्यार्थी लॅबकडून घेतच असतो आणि परतफेड नंतर सुरू होते. तो दीड महिन्यात निघून गेला तर शिकवणाऱ्याचे कष्ट वाया जातात.

म्हणून मी मार्कांच्या आधी वेळ पाहतो. आठवड्यातून किती तास येणार, ते सलग आहेत का, आणि किती महिने टिकणार. दोन तासिकांच्या मधले एकेक तास लॅबमध्ये फारसे कामाचे नसतात. डीएनएच्या प्रती काढायला पीसीआर लावायचा, तो संपेपर्यंत थांबायचं, मग त्या प्रती तपासायला जेल चालवायचं, फोटो घ्यायचा, वहीत नोंद करायची, यात अख्खी दुपार जाते. ज्याच्याकडे आठवड्यात दोन पूर्ण दुपारी मोकळ्या आहेत आणि जो वर्षभर येणार आहे, तो माझ्यासाठी सुवर्णपदकवाल्यापेक्षा मोलाचा.

दुसरं वर्ष अजिबात लवकर नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलाला काम येऊ लागेपर्यंत त्याच्या परीक्षा आलेल्या असतात. तुमच्याकडे अजून दीड-दोन वर्षं आहेत, हीच तुमची जमेची बाजू. ईमेलमध्ये ती ठळकपणे सांगा.

सोनसळी

निरीक्षक सर म्हणतात ते सगळं खरं आहे, मी एक भर घालते. मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात आहे, आणि आमच्या लॅबमध्ये बीएस्सीचं कुणी घ्यायचं की नाही हे प्रत्यक्षात आम्हीच ठरवतो. सर ईमेल पुढे पाठवतात आणि विचारतात, "कुणाला मदत हवी आहे का?" कुणीच हात वर केला नाही तर विषय तिथेच संपतो.

तेव्हा चैत्रपालवी, तू पीएच.डी.च्या मुलांशी बोल. विभागात दर आठवड्याला सेमिनार असतात, त्यांना बाहेरच्यांना सहसा कुणी अडवत नाही. मागे बसून ऐक. अर्धं कळणार नाही, आम्हालाही दुसऱ्या विषयातलं कळत नाही. संपल्यावर बोलणाऱ्याला एक खरा प्रश्न विचार. पोस्टर सेशन असेल तर फारच उत्तम, कारण पोस्टरपाशी उभा असलेला विद्यार्थी कुणीतरी येऊन विचारावं याची वाटच पाहत असतो. कुठल्या लॅबमध्ये शिकवायला लोक आहेत, कुठे नव्या मुलाला नुसतं भांडी धुवायला ठेवतात, कुठले गाइड सहा महिने भेटतच नाहीत, हे कुठल्याही वेबसाइटवर सापडणार नाही. आम्ही मात्र सांगतो.

निरीक्षक

सोनसळी, यात एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. माहिती विद्यार्थ्यांकडून जरूर घ्यावी, पण "येऊ का" हे लॅबप्रमुखालाच विचारावं. विद्यार्थ्यानं परस्पर हो म्हटलं आणि मला नंतर कळलं, की अडचण होते. लॅबमध्ये कोण वावरतं याची जबाबदारी माझी असते. ॲसिड अंगावर उडालं किंवा काही पेटलं, तर जाब मलाच विचारला जाणार.

सोनसळी

मान्य सर. मला तसंच म्हणायचं होतं. ईमेल प्रमुखांनाच जावा, पण त्यात "तुमच्या गटातल्या अमुक यांच्याशी सेमिनारनंतर बोलणं झालं" हे वाक्य असेल तर तो वाचला जातो.

वाटाड्या

वरची चर्चा थेट लॅब गाठण्याची आहे. दुसरी वाट म्हणजे जाहीर योजना, जिथे अर्ज मागवून रीतसर निवड होते. काही ठळक योजना सांगतो.

भारतात तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे आणि तो खास पदवीच्या सुरुवातीच्या मुलांसाठीच आहे. मोगरा_०७, तुमच्यासाठी हा बघण्यासारखा आहे. मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था आणि बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू सेंटर यांचेही उन्हाळी कार्यक्रम आहेत. बाहेर पाहायचं तर जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत समर स्टुडंट कार्यक्रम असतो. त्याला सभासद देशांबाहेरचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, पण पदवीची तीन वर्षं झालेली असावी लागतात. जपानच्या ओकिनावातल्या ओआयएसटी या संस्थेतही परदेशी विद्यार्थ्यांना संशोधन इंटर्नशिप मिळते.

पात्रता मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. अमेरिकेतली आरईयू ही योजना नेटवरच्या प्रत्येक यादीत सापडते, पण तिचा निधी अमेरिकी नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठीच आहे. जर्मनीची राइज ही उत्तर अमेरिका, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी. अर्ज लिहून झाल्यावर हे कळलं तर फार जीवावर येतं.

आणि तारखा. उन्हाळ्यातल्या जागांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. परीक्षा संपल्यावर शोधायला लागलात तर त्या वर्षाचं सगळं संपलेलं असतं. शिफारसपत्रं लागतात, तीही शिक्षकांकडे निदान तीन आठवडे आधी मागा. सोबत तुमचा सीव्ही आणि तुम्ही त्यांच्या तासाला काय केलंत याची चार ओळींची आठवण द्या. "विद्यार्थिनी हुशार आणि नम्र आहे" असं पत्र कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

मोगरा_०७

वाटाड्या, एनआययूएसबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. मनापासून धन्यवाद!

ध्रुवमत्स्य

ज्यांच्या कॉलेजात किंवा आसपास संशोधन करणारी लॅबच नाही, त्यांच्यासाठी लिहितो. मी अशाच कॉलेजातून आलो.

आज जगातला बराच वैज्ञानिक डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. टेस या २०१८ साली सोडलेल्या अंतराळ दुर्बिणीची मोजमापं घरबसल्या उतरवून घेता येतात. प्रथिनांच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत १९७१ पासून साठत आल्या आहेत. कुठलं जनुक किती सक्रिय आहे हे मोजणारे प्रयोग जीईओमध्ये आहेत, प्राणी-वनस्पतींच्या नोंदी जीबीआयएफमध्ये आहेत. लागतो फक्त साधा संगणक आणि चिकाटी.

एक करून बघण्यासारखं काम सांगतो. माहीत असलेला एखादा परग्रह (दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह) घ्या, त्याच्या ताऱ्याची टेसनं टिपलेली तेजस्वितेची आकडेवारी लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजनं उघडा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती घटतो ते मोजा. ही घट म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. सूर्यासमोरून गुरू गेला तर प्रकाश सुमारे १ टक्का कमी होईल, पृथ्वी गेली तर ०.०१ टक्क्याहूनही कमी. त्यावरून तुमच्या ग्रहाची त्रिज्या काढा आणि छापून आलेल्या संशोधन पेपरमधल्या आकड्याशी ताडून बघा. आकडा जुळला नाही, तर का जुळला नाही ते शोधा. शेजारचा दुसरा तारा त्याच पिक्सेलमध्ये प्रकाश मिसळत असेल, ताऱ्यावर डाग असतील, किंवा तुम्ही पार्श्वभूमी नीट वजा केली नसेल. संशोधनाची चव मला या "का जुळलं नाही"त पहिल्यांदा कळली.

हे नवं संशोधन नाही, हे मी मुलांना स्पष्ट सांगतो. पण चार पानांचा नीट लिहिलेला अहवाल आणि सोबतचा कोड घेऊन एखाद्या खगोलशास्त्रज्ञाला लिहिलंत, तर "अनुभव नाही" हा मुद्दाच उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत असं काही करून आलेला विद्यार्थी क्वचितच असतो, आणि तो आला की मी हातातलं बाजूला ठेवून वाचतो.

शून्यसंच

गणित आणि सैद्धांतिक विषयांत चित्र वेगळं आहे, तेही इथे असू द्या. आमच्याकडे धुवायला भांडी नाहीत की मोजायला नमुने नाहीत. त्यामुळे पदवीच्या मुलाला देता येईल असं छोटं सुटं काम काढणं गाइडलाही जड जातं. बहुतेक वेळा सुरुवात "रीडिंग प्रोजेक्ट"नं होते. एक प्रकरण किंवा एक पेपर घ्यायचा, दर आठवड्याला गाइडसमोर फळ्यावर उभं राहून समजावायचा. "हे उघड आहे" म्हणून तुम्ही पुढे गेलात की तो थांबवतो आणि सिद्धता मागतो. यात कुणी कमीपणा मानू नये. खरा प्रश्न पुष्कळदा तिथेच सापडतो.

खगोलभौतिकीतले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. १९२८ साली ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे विद्यार्थी होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड भारतात आले तेव्हा ते त्यांना जाऊन भेटले. आपण पुस्तकात शिकलेली पुंज (क्वांटम) भौतिकी मागे पडली आहे हे त्यांना तिथे कळलं, आणि सोमरफेल्डनी आपल्या नव्या लेखाची प्रुफं त्यांना वाचायला दिली. ती पचवून चंद्रशेखरांनी स्वतःचा पेपर लिहिला. तो पाठवला केंब्रिजच्या फाउलर यांना, कारण श्वेत बटू ताऱ्यांवरचा फाउलरांचा पेपर त्यांनी वाचलेला होता आणि तीच सांख्यिकी आपण वापरतोय हे त्यांना दिसत होतं. १९२९ मध्ये तो रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये छापून आला. निरीक्षक ज्याला नेमकं वाक्य म्हणतात ते हेच. कुणाला लिहायचं हे त्यांनी त्या माणसाचा पेपर वाचून ठरवलं.

अलीकडचं उदाहरण २०१८चं. टेक्सास विद्यापीठात युविन टँग या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीला तिचे गाइड स्कॉट ॲरनसन यांनी पदवीच्या प्रबंधासाठी एक प्रश्न दिला. ग्राहकाला काय आवडेल ते ओळखून शिफारशी सुचवण्याच्या एका गणनेसाठी वेगवान क्वांटम अल्गोरिदम, म्हणजे क्वांटम संगणकावर चालणारी पद्धत, सापडला होता. साध्या संगणकाला तो वेग गाठणं अशक्य आहे, हे तिनं सिद्ध करायचं होतं. सिद्धता काही होईना. मग तिनं उलट बाजूनं विचार केला आणि साध्या संगणकावर चालणारा तसाच वेगवान अल्गोरिदमच शोधून काढला. पदवीच्या मुलांना "खरे" प्रश्न देऊ नयेत असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे सांगतो.

काठावरचा

माझा मुलगा बीएस्सीला आहे. त्याला एका ऑनलाइन कंपनीचा ईमेल आला, पैसे भरा, चार आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप आणि शेवटी आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर. हे खरं असतं का? त्याला फार उत्साह आहे, मोडता घालायचा नाही, पण मन धजावत नाही.

निरीक्षक

काठावरचा, तुमचं मन बरोबर सांगतंय. चार आठवड्यांत प्रामाणिक पेपर होत नाही. आमच्याकडे प्रयोग पूर्ण झाल्यावर लिहिणं, परीक्षकांची मतं येणं, पुन्हा प्रयोग करणं यातच महिनेच्या महिने जातात. चार आठवड्यांत छापून येतं ते कुणी न तपासलेलं असतं, आणि असा पेपर सीव्हीत पाहिला की निवड करणाऱ्याचा विश्वास उडतो. त्याचा उपयोग तर नाहीच, नुकसान होतं. जर्नलबद्दल शंका असेल तर ते डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत आहे का, संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयात काम करतात का, हे बघा.

काही चांगल्या संस्था उन्हाळी शिबिरांना शुल्क घेतात, तो शिक्षणाचा भाग झाला आणि तसं ते उघड सांगतात. पण निकालाची आणि पेपरची आधीच हमी देऊन पैसे मागणं हे संशोधन नव्हे. मुलाचा उत्साह ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेल्या कामाकडे वळवा. तिथे एक पैसा लागत नाही.

काठावरचा

आभारी आहे. आज त्याला हा धागाच वाचायला देतो.

मोगरा_०७

एक शंका. विनामोबदला काम करावं का? मला सुट्टीत कमवावं लागतं. वर्षभर फुकट काम करणं मला झेपणार नाही.

सोनसळी

हा प्रश्न विचारलास ते फार बरं झालं. याबद्दल लोक बोलत नाहीत आणि मग पैशाची सोय असलेलीच मुलं संशोधनात येतात. अवश्य विचारायचं, आणि पहिल्या भेटीतच विचारायचं, "या कामाला मानधन किंवा क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) मिळू शकतं का?" असं विचारणं उद्धटपणाचं नाही. एमआयटीमध्ये मार्गरेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या मुलांसाठी यूआरओपी हा संशोधन कार्यक्रम सुरू केला. तिथे विद्यार्थी मानधन किंवा क्रेडिट घेऊन काम करतात आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वाटाड्या यांनी सांगितलेल्या योजनांमध्येही विद्यावेतन असतं, म्हणून तुझ्यासाठी आधी तीच वाट. सत्र चालू असताना आठवड्याला एखादी दुपार, आणि सुट्टीत विद्यावेतनाची जागा, अशीही सांगड घालता येते.

चैत्रपालवी

सगळ्यांचे किती आभार मानू! मी पाठवत होते त्या ईमेलचा मजकूर मराठीत देते. कृपया स्पष्ट सांगा.

"आदरणीय सर, मी बीएस्सी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे. आपले संशोधन अत्यंत प्रेरणादायी आहे. आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी माझे भाग्य समजेन. मी मेहनती, जिज्ञासू आणि लवकर शिकणारी आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे."

निरीक्षक

स्पष्ट सांगतो, कारण तुमची कळकळ खरी आहे आणि ती या मजकुरात दिसतच नाही. या ईमेलमधून तुमचं वर्ष सोडलं तर तुमच्याबद्दल मला काहीच कळत नाही. "प्रेरणादायी" हे कुणालाही लावता येतं. "मेहनती, जिज्ञासू" असं प्रत्येक जण लिहितो. वेळेचा उल्लेख नाही. मी उत्तरात काय करावं, भेटावं की अर्ज मागवावा, तेही नाही.

हल्ली एआयकडून लिहून घेतलेले ईमेलही पुष्कळ येतात. भाषा गुळगुळीत, माझ्या पेपरचं नावही असतं, पण आत प्रश्न नसतो. मोडक्या वाक्यांत का होईना, स्वतःला पडलेला एक प्रश्न लिहा.

आता कृती. एकच लॅब निवडा. तिचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर घ्या. आधी सारांश वाचा, मग आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी, मग शेवटची चर्चा. पद्धतींचा भाग सर्वांत शेवटी, पण तो टाळू नका, कारण लॅबमध्ये रोज काय करावं लागतं ते तिथेच कळतं. जीवशास्त्रात लॅबप्रमुखाचं नाव बहुधा लेखकांमध्ये शेवटी असतं. गणितात नावं वर्णानुक्रमे असतात, तिथे हा ठोकताळा चालत नाही. सगळं समजलं नाही तरी हरकत नाही. कुठल्या आकृतीपाशी अडलात, ते मला हवं आहे.

चैत्रपालवी

एका लॅबचा पेपर निवडून दोनदा वाचला, शब्द अडले ते आमच्या मॅडमना विचारले. नवा मसुदा असा (बायोफिल्म म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंचा थर):

"डॉ. ___ यांस, मी बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. बायोफिल्ममधले जिवाणू प्रतिजैविकांना दाद का देत नाहीत, यावरचा तुमच्या गटाचा पेपर वाचला. तिसऱ्या आकृतीत आतल्या थरातले जिवाणू औषध काढल्यावर पुन्हा वाढू लागतात असं दिसतं. ते मुळात संथ वाढत होते म्हणून तगले, की औषध तिथवर पोचलंच नाही, हे प्रयोगात वेगळं कसं करता येईल हा प्रश्न मला पडला. निर्जंतुक पद्धतीनं कल्चर करणं, सीरियल डायल्यूशन आणि कॉलनी मोजणं मला येतं. पायथनमध्ये साधे आलेख काढता येतात. मंगळवार आणि गुरुवारची दुपार पूर्ण मोकळी आहे, सुट्टीत रोज येऊ शकते, आणि पदवी पूर्ण होईपर्यंत काम करायची इच्छा आहे. तुमच्या गटात जागा होऊ शकेल का, याबद्दल पंधरा मिनिटं भेटता येईल का? एक पानी सीव्ही आणि गुणपत्रक जोडलं आहे."

निरीक्षक

हा ईमेल माझ्याकडे आला असता तर मी त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. तुमचा प्रश्न त्या क्षेत्रातला खरा प्रश्न आहे. औषध आत शिरत नाही की संथ वाढणाऱ्या पेशींवर ते चालत नाही, यावर लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. विषयाच्या ओळीत "बीएस्सी विद्यार्थिनी, बायोफिल्मवरील कामात सहभागाबाबत" असं लिहा. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, दोन ओळींची. तरीही नाही आलं तर पुढची लॅब, आणि तिच्यासाठी पुन्हा नवा पेपर, नवा प्रश्न. आणि ज्या मॅडमना तुम्ही शब्द विचारलेत, त्यांना हेही विचारा की त्यांच्या ओळखीचं कुणी या विषयात आहे का. आपल्याच शिक्षकांना विचारायचं मुलं विसरतात.

शून्यसंच

श्रेयाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आयसीएमजेई ही समिती आहे, तिच्या निकषांनुसार लेखक म्हणून नाव लागायला चार गोष्टी लागतात. कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मजकुराला संमती, आणि त्याची जबाबदारी घेण्याची तयारी. यात तुमच्या पदवीचा कुठेही संबंध येत नाही. वाटा असेल तर बीएस्सीच्या मुलाचंही नाव लागतं, आणि नुसते नमुने मोजून दिले असतील तर आभारात येतं. ही चर्चा कामाच्या सुरुवातीला करून घ्यावी. पेपर लिहायला घेतल्यावर ती फार अवघड होते.

चैत्रपालवी

कळवायला आनंद होतोय, त्या लॅबमधून उत्तर आलं! सोमवारी भेटायला बोलावलंय. सोनसळीताई, तिथे मी काय विचारू? आणि तिथल्या लॅबप्रमुख काय विचारतील?

सोनसळी

अभिनंदन गं! त्या तुला पेपरबद्दल विचारतील, तिसरी आकृती पुन्हा पाहून जा. एखादं माहीत नसेल तर "माहीत नाही, वाचून सांगते" म्हण, आणि खरंच वाचून सांग.

तू हे विचार. मला रोज कोण शिकवेल? तुझी गाठ त्या व्यक्तीशीच जास्त पडणार आहे, तेव्हा शक्य असेल तर तिलाही त्याच दिवशी भेट. पहिल्या दोन महिन्यांत माझं काम नेमकं काय असेल? गटाच्या बैठकीला मी बसू शकते का? परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी कशी घ्यायची? आधीची पदवीची मुलं इथून पुढे कुठे गेली? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा खुलून बोलू लागला तर समज की जागा चांगली आहे. "आठवत नाही" म्हणाला तर थोडा विचार कर.

लॅब दाखवायला नेलं तर लोकांच्या वह्या बघ. तारीख घातलेल्या, फसलेले प्रयोगही लिहिलेल्या वह्या दिसल्या तर तिथे शिकायला मिळेल.

चैत्रपालवी

भेटून आले. त्यांनी पहिला प्रश्न तिसऱ्या आकृतीवरच विचारला. माझा प्रश्न त्यांच्या एका पोस्टडॉकचाच विषय निघाला आणि त्या पोस्टडॉकच्याच हाताखाली काम द्यायचं ठरलं आहे. सुरुवातीला फक्त बायोफिल्मच्या फोटोंवरून थराची जाडी मोजायची, इमेजजे हे फोटोंवर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर वापरून. दोन महिने तेच. मग हात बसला की कल्चर वाढवायला शिकवणार आहेत. मानधन नाही, पण तिसऱ्या वर्षी हेच काम प्रकल्प म्हणून धरून क्रेडिट मिळेल, असं कॉलेजनं मान्य केलं. पुढच्या उन्हाळ्यात विद्यावेतनासाठी अर्ज करायला लॅबप्रमुख स्वतःच शिफारस देणार आहेत.

इमेजजे मी कधी उघडलेलं नाही. गुरुवारच्या आधी थोडा सराव करून जावा म्हणते. कुणी सांगाल का?

ध्रुवमत्स्य

मोफत आहे, आजच उतरवून घ्या. फिजी नावाची आवृत्ती घ्या, तिच्यात लागणारी बरीचशी प्लगइन्स आधीच असतात. आतच नमुन्याचे फोटो दिलेले आहेत. पहिलं काम म्हणजे स्केल लावणं. एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रोमीटर हे सांगितल्याशिवाय कुठलीही जाडी मोजू नका, आकडे येतील पण त्यांना अर्थ नसेल. मग एकाच फोटोतली तीच जागा आज मोजा, उद्या आधीचा आकडा न बघता पुन्हा मोजा, आणि दोन्हींत किती फरक पडतो ते लिहून ठेवा. गुरुवारी जाताना तो कागद सोबत घ्या, पोस्टडॉक तो नक्की मागतील.